आरतीच्या यादीतली माझी ओळ

आमच्या मंडळाची स्मरणिका गेल्या आठवड्यात घरपोच आली. गुळगुळीत कागद, भरपूर जाहिराती आणि मधल्या पानांवर एक लेख. गणेशोत्सवात एकट्या बायकांना, म्हणजे विधवा, घटस्फोटित, लग्न न केलेल्या अशा सगळ्यांना, आरतीचा मान आमच्याकडे कसा मिळू लागला त्याची हकिकत त्यात दिली आहे. माजी अध्यक्षांनी कोणी मागितलं नसताना, काळाची पावलं ओळखून, ही प्रथा स्वतःहून सुरू केली असं लेखक म्हणतो. लेखाखाली नाव नाही. पण काळाची ही पावलं दर वर्षी कोणाच्या भाषणात पडायची ते मला पक्कं ठाऊक आहे.

लेख खोटा आहे. हा मान सगळ्यांना मिळाला त्या दिवशी सभागृहात जे हजर होते त्यांतले काही मुलांकडे परदेशी गेले, काही कायमचे गेले, आणि जे उरले आहेत त्यांना भांडण नको आहे. मला हवं आहे. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, या वयात कशाला? मी त्याला म्हणालो, याच वयात. आता मला मंडळातून काढून टाकलं तरी माझं काय जाणार आहे?

मी हे लिहिणार असं माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. आरतीचा मान मिळालेली पहिली एकटी बाई म्हणून लेखात जिचा उल्लेख आहे ती हीच. तिनं मान वर केली नाही. "लिहा," म्हणाली. "पण आधी तुमची ओळ लिहा. मग त्यांचं लिहा."

म्हणून आधी माझी ओळ. पण ती कळायला यादी काय होती ते सांगावं लागेल.

मी एका कारखान्याच्या कंप्युटर विभागात नोकरी केली, कार्डांना भोकं पाडून यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या काळापासून. निवृत्त झालो तेव्हा हात शिवशिवत होते आणि करायला काही नव्हतं. आमचं मंडळ म्हणजे हैदराबादेत, आबिड्सच्या मागच्या गल्लीतलं एक सभागृह आणि त्याला धरून असलेली मराठी कुटुंबं. काही आमच्यासारखी, निजामाच्या राज्यापासून इथेच असलेली, घरातसुद्धा 'हौ' आणि 'नक्को' म्हणणारी. काही पुण्या-मुंबईहून आयटीत आलेली, ज्यांना आमची मराठी ऐकून हसू येतं. गणपती दहा दिवसांचा. सकाळ-संध्याकाळ आरती, आणि प्रत्येक आरतीला एक जोडपं पुढे उभं राहणार. या मानासाठी माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. नाव आलं की बायकोला नवी साडी, मुंबईहून सासू-सासरे, व्हिडिओवाला वगैरे.

नाव कोणाचं येणार ते अध्यक्ष ठरवत. ते मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, उंच, आवाज भरदार. यादी त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. ज्यांच्या घरच्या लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं गेलं त्यांची आरती लवकर होई. बाकीच्यांना ते खांद्यावर हात ठेवून म्हणत, पुढच्या वर्षी नक्की.

मी कार्यकारिणीत म्हटलं, यादी वेबवर ठेवू, सगळ्यांना दिसेल अशी. कोणी विरोध केला नाही, कारण मी काय करणार आहे ते कोणालाच कळलं नव्हतं. मी केलं ते अगदी साधं होतं. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर एक टेक्स्ट फाइल ठेवली. एका कुटुंबाची एक ओळ. ओळीत खाने: कुटुंबप्रमुखाचं नाव, स्त्री की पुरुष, जोडीदाराचं नाव, पत्ता, फोन, आणि शेवटी आरतीचा मान मागे कधी मिळाला ते वर्ष. कधीच मिळाला नसेल तर शून्य. दोन खान्यांच्या मधे एक उभी रेघ. स्वल्पविराम ठेवता आला नाही, कारण हैदराबादच्या पत्त्यात स्वल्पविराम पावलोपावली असतात, आणि आडव्या-तिरक्या रेघा तर घराच्या नंबरातच असतात. उभी रेघ तेवढी कोणाच्या पत्त्यात नव्हती. या फाइलवर मी एक पान बसवलं. ब्राउझरमध्ये ते उघडायचं, नाव घालायचं, बदलायचं, शोधायचं, आणि तळाशी एक बटण: 'यंदाची यादी'. ते दाबलं की सर्वांत जास्त काळ थांबलेलं कुटुंब सर्वांत वर. दोघं सारखेच थांबलेले असतील तर जो आधी सभासद झाला तो वर.

आयटीतली मुलं हसली. एक म्हणाला, "काका, हा डेटाबेस नाहीये, ही वाण्याची यादी आहे." मी म्हटलं, तुमचा डेटाबेस आजारी पडला की डॉक्टर बोलवावा लागतो, माझी फाइल कुठल्याही कंप्युटरवर नुसती उघडून वाचता येते. तो म्हणाला, तेही खरंच आहे.

पहिल्या वर्षी सभागृहातल्या टीव्हीवर मी यादी काढून दाखवली तेव्हा सर्वांत वर एका पिठाच्या गिरणीवाल्यांचं नाव होतं. मंडळाच्या स्थापनेपासूनचे सभासद, एकदाही आरती मिळाली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नाव पुन्हा वाचलं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, "वा, आमचे कंप्युटरवाले," असं म्हणाले, आणि चहाला थांबले नाहीत.

तेव्हा नोंदी करायचा अधिकार सचिवांनाही होता. दुसऱ्या वर्षी पाडव्याला नव्या सचिवांनी, श्रद्धाळू माणूस, कामाचा आरंभ श्रीकाराने केला. नव्या वहीवर लिहितात तसं: दोन उभ्या रेघा, श्री, पुन्हा दोन उभ्या रेघा. एकालाच कसं द्यायचं म्हणून त्यांनी दिवसभर बसून प्रत्येक कुटुंबाच्या नावाआधी ते लिहिलं. माझ्या पानाच्या लेखी उभी रेघ म्हणजे पुढचा खाना. सगळी यादी चार घरं सरकली. नावांच्या जागी काही नाही, नावं फोनच्या जागी, आणि जोडीदाराच्या खान्यात सगळ्यांच्या नशिबी एकच: श्री. गिरणीवाले मला फोन करून म्हणाले, "आमच्या घरात विचारतायत, लग्न नेमकं कोणाशी लागलं होतं?" दुपारभरात मी ते निस्तरलं, पण अध्यक्षांना निमित्त मिळालं. पुढच्या बैठकीत त्यांनी ठरवून टाकलं की फाइलला यापुढे माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मला तो सन्मान वाटला. त्यांच्या बाजूने बघितलं तर आता एकाच माणसाला वळवलं की पुरे होतं.

महिनाभरात ते हिमायतनगरला माझ्या घरी आले, पत्नीला घेऊन. त्यांच्या पत्नी कमी बोलणाऱ्या. उत्सवात माझ्या बहिणीशेजारी बसून खोबरं किसायच्या, तेवढीच माझी ओळख. चहा झाल्यावर त्या गॅलरीत माझी कढीपत्त्याची कुंडी बघायला गेल्या आणि अध्यक्षांनी विषय काढला. यादी उत्तम आहे, म्हणाले, पण एक अडचण दिसते. उद्या एखाद्या बाईचं नाव वर आलं, जिचे यजमान हयात नाहीत, तर? तिलाच अवघडल्यासारखं होईल. लोक बोलतील. ती वेळ आपणच येऊ देऊ नये.

मी विचारलं, "आणि पुरुष असेल तर?"

"पुरुषाचं चालतं हो," ते म्हणाले. "सून उभी राहते, लेक उभी राहते."

बैठकीत न मांडता, कागदावर न आणता, ते एवढंच बोलून उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते लिहिलं. मराठीत सांगायचं तर ते असं: 'स्त्री असेल आणि जोडीदाराचा खाना रिकामा असेल, तर ही ओळ सोडून पुढे जा.' ही माझी ओळ. लिहायला काहीच वेळ लागला नाही.

लिहिल्यावर तपासतात. मी पुढच्या वर्षीची यादी काढून बघितली. आधी तिसरं नाव माझ्या बहिणीचं होतं. आता चौथं नाव तिसरं झालं होतं. या कामात काही काढलं तर मोकळी जागा दिसत नाही, खालचं वर येतं. मला ते स्पष्ट दिसलं, आणि वाईटही वाटलं. तरी एवढा मोठा माणूस माझ्या घरी येऊन काहीतरी मागतो आणि ते फक्त मलाच देता येतं, हे मला फार आवडलं होतं. मी फाइल जतन केली आणि कंप्युटर बंद केला.

बहीण मलकपेठला राहते, रेसकोर्सच्या मागच्या बाजूला. तिच्या गॅलरीतून सकाळी घोडे फिरवताना दिसतात. ती शाळेत गणित शिकवायची. यजमान ऐन नोकरीत गेले तेव्हा तिच्या पदरात काही नव्हतं, मूलसुद्धा नाही. दर उत्सवात रोज दोन्ही वेळची खिरापत ती करते: खोबरं किसून भाजायचं, खारीक, खसखस, खडीसाखर. आरती कोणाचीही असो, खिरापत तिची. वेबवर यादी आली त्या वर्षी तिनं माझ्या मागे उभं राहून पानावर आपलं नाव शोधलं होतं आणि बोटानं मोजून म्हणाली होती, "दादा, दोन वर्षांत माझा नंबर लागतोय बघ." आरतीला नेसायला म्हणून पैठणीवाल्याकडेही जाऊन आली होती. मला ते ठाऊक होतं.

नंबर लागला नाही तेव्हा तिचा फोन आला. "दादा, तू नीट बघितलंस का?"

मी म्हणालो, "यादी कंप्युटर काढतो गं. माझ्या हातात काही नसतं."

दुसऱ्या वर्षीही हेच म्हणालो. तिसऱ्या वर्षीही. ती बिचारी मलाच कारणं सुचवायची. माझा फोन नंबर बदलला म्हणून तर नसेल? पत्ता चुकलाय का? मी म्हणायचो, बघतो. एकदाच ती ओळ काढून टाकली असती तर संपलं असतं, हे मला रोज कळत होतं. पण तिचं नाव टीव्हीवर आलं असतं, अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि त्या बघण्याला मी भीत होतो. साठी उलटलेला माणूस, पेन्शन चालू, कोणाचा मिंधा नाही, आणि एका माणसाच्या बघण्याला भीत होतो. याचा राग मला अजून येतो आणि तो सगळा मी त्यांच्याच नावावर टाकतो.

मग ती वार्षिक सभा. यादी टीव्हीवर आली, आणि बहीण उठून उभी राहिली. हातात कागद होता. तिनं शाळेतल्यासारखं मुद्देसूद सांगितलं: मी अमुक क्रमांकाची सभासद, माझ्यामागून आलेल्यांच्या आरत्या होऊन गेल्या, म्हणजे गणित कुठेतरी चुकतंय, माझा भाऊ म्हणतो यादी कंप्युटर काढतो, तर कंप्युटर तपासा.

अध्यक्ष हसले. "ताई, कंप्युटर शहाणा आहे. जोडप्याचा मान जोडप्याला. आणि तुम्ही खिरापतीचं बघता, तो काय लहान मान आहे?" मागे कोणीतरी हसलं. ती उभीच होती. तेव्हा ते म्हणाले, "आणि मला काय विचारता? नियम काय मी घातला? तुमच्या बंधूंना विचारा. सगळं त्यांच्याच हातचं आहे."

असं त्यांनी ते माझ्यावर ढकललं, पानाचा विडा पुढे करावा तसं, सहज. जे बोलले ते खरंच होतं. खरं बोलूनच त्यांनी मला बुडवलं. बहिणीनं माझ्याकडे बघितलं आणि मी टीव्हीच्या रिमोटकडे.

परतताना मी तिला रिक्षातून सोडायला गेलो. घरासमोर उतरली, रिक्षावाल्याला म्हणाली, "साब कू हिमायतनगर छोड देव," आणि मला म्हणाली, "या तुम्ही आता." जन्मापासून ती मला 'दादा, तू' म्हणत आली होती. त्या दिवसापासून मी 'तुम्ही' झालो, आणि दादा गळून पडला. ती भांडली नाही, रडली नाही. राखीला आली, दिवाळीला आली, माझ्या आजारपणात डबा घेऊन आली. सगळं 'तुम्ही' म्हणत. पुढच्या उत्सवात खिरापतही नेहमीसारखीच केली.

त्यानंतरची वर्षं मी अध्यक्षांचं वाईट चिंतण्यात घालवली. त्यात कमीपणा वाटून घेण्याचं मला कारण दिसत नाही. बैठकीत ते मला "आमचे कंप्युटरवाले" म्हणायचे आणि मी हसून मान हलवायचो. फाइल मात्र माझ्याच ताब्यात होती.

त्यांच्या पत्नी आजारी पडल्या आणि गेल्या. मी भेटायला गेलो. ते खुर्चीत बसले होते, एकदम लहान दिसत होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, यंदा पहिल्या संध्याकाळच्या आरतीला माझा नंबर आहे ना? तिच्या स्मरणार्थ करणार आहे. सून येणार आहे खास. मी म्हणालो, हो, नंबर आहे.

घरी आलो, चहा करून घेतला, आणि फाइल उघडली. त्यांची ओळ शोधली. जोडीदाराच्या खान्यातलं नाव पुसलं. दोन उभ्या रेघा उरल्या, मधे काही नाही. मग माझ्या जुन्या अटीकडे गेलो आणि तिच्यातले तीन शब्द काढले: 'स्त्री असेल आणि'. आता अट सगळ्यांना सारखी लागू झाली. इतकं समाधान मला निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशीही झालं नव्हतं. चहा गार झाला तो तसाच चवीनं प्यालो.

सभेला गर्दी होती. मी बटण दाबलं. यादी आली, लोक वाचू लागले, आणि हळूहळू माना अध्यक्षांकडे वळल्या, कारण पहिल्या संध्याकाळची गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवली होती.

"माझं नाव राहिलंय," ते म्हणाले.

"राहिलेलं नाही, साहेब. यादी कंप्युटर काढतो."

"अहो, काढतो काय? नंबर होता माझा."

"जोडप्याचा मान जोडप्याला," मी म्हणालो. हे वाक्य मी किती वेळा घोकलं होतं ते मलाच ठाऊक. पण म्हटलं अगदी साधेपणानं.

ते गडबडले. आणि गडबडीत ते बोलून गेले जे मला त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर, ऐकायचं होतं. "ते बायकांसाठी होतं."

पुण्याहून आलेली एक आयटीतली मुलगी, घटस्फोट झालेली, मांडवाची सजावट दर वर्षी तीच करायची, तिनं विचारलं, "बायकांसाठी काय होतं, काका?" त्यांना सांगावं लागलं. अडखळत, शब्द शोधत. ती म्हणाली, "म्हणजे माझं नाव कधी येणारच नव्हतं? आणि मी दर वर्षी बघत बसायचे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. पूर्वी मी ज्याला भीत होतो तेच बघणं. या वेळी मी नजर हलवली नाही, मदतही केली नाही. एक म्हाताऱ्या बाई, जुन्या हैदराबादी, शेजारणीला कोपराने ढोसून मोठ्यानं म्हणाल्या, "आता कायकू चूप बसलीस गे? बोल की." मग बऱ्याच जणी एकदम बोलू लागल्या.

शेवटी ते खाली बघून म्हणाले, "काढून टाका हो ती अट. सगळ्यांचीच काढा. हवं तर मीच सांगितलं म्हणून लिहा."

स्मरणिकेतला पुढाकार तो हा. शेवटचं वाक्य त्यांनी नेमकं लक्षात ठेवलेलं दिसतं.

मी सगळ्यांदेखत टीव्हीवर ती ओळ पुसली आणि बटण पुन्हा दाबलं. इतकी वर्षं शून्य घेऊन ताटकळलेल्या बायका भराभर वर आल्या. सर्वांत वर, पहिल्या संध्याकाळच्या आरतीला, माझी बहीण. आणि त्या सगळ्या वर आल्यामुळे अध्यक्षांचं नाव, आता कुठलीही अट नसताना, यंदाच्या यादीच्या बाहेर गेलं. हे मी योजलेलं नव्हतं. फाइलने ते आपणहून दिलं आणि मी ते आनंदानं घेतलं.

मी बहिणीकडे बघितलं. मला वाटलं होतं ती माझ्याकडे बघत असेल. ती खिरापतीचा रिकामा डबा पिशवीत घालत होती.

दुसऱ्या दिवशी मी मलकपेठला गेलो. शाबासकी घ्यायलाच गेलो होतो, हेही लिहून टाकतो. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "तिचं नाव कुठे गेलं?"

"कोणाचं?"

"त्यांच्या बायकोचं. तुमच्या फाइलमधून."

मी म्हटलं, ते पुसावंच लागतं, खाना रिकामा झाल्याशिवाय अट लागू होत नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तिनं मला सांगितलं होतं. ते तुमच्या घरी आले होते तेव्हा ती गॅलरीत उभी होती, सगळं ऐकू येत होतं. त्या सभेनंतरच्या उत्सवात खोबरं किसताना सांगितलं आणि माफी मागितली. तिनं तेवढं तरी केलं. आणि तिचे दिवस व्हायच्या आधी तुम्ही तिला पुसलंत."

"त्यांनी तुला भर सभेत हसण्यावारी नेलं," मी म्हणालो.

"ते त्यांचं. तुम्ही मला फोनवर फसवलंत. दर वर्षी." तिचा आवाज चढला नव्हता. "आरती मी करणार आहे. माझा नंबर आहे म्हणून करणार आहे. तुम्ही मिळवून दिलीत असं कुठे म्हणू नका."

मी घरी येऊन फाइलमध्ये शेवटी एक खाना वाढवला, गेलेल्या जोडीदाराच्या नावासाठी. मागच्या वर्षांच्या छापील याद्या शोधल्या आणि पुसलेली नावं एकेक करून परत घातली. अध्यक्षांच्या पत्नीचं घातलं. माझ्या मेहुण्यांचंही, जे त्या फाइलमध्ये कधी नव्हतंच. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तेही शाबासकीसाठी झालं असतं.

पहिली संध्याकाळ आली. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष आले, गुडघ्यांमुळे ते पुढच्या रांगेत खुर्चीवर बसतात तसे बसले. मी खांबाजवळची जागा धरली. तिथून त्यांचा चेहरा नीट दिसत होता. आरती सुरू झाली, झांजा, टाळ्या, लहान मुलांचा गोंधळ. त्यांची टाळी एक ठोका मागे पडत होती. मधेच ती थांबली. त्यांनी रुमाल काढला, ठेवला, पुन्हा काढला. कापूर लागला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मी एक क्षण सोडला नाही. मग ताट फिरलं. पुढच्या रांगेपासून. त्यांच्यासमोर ताट आलं तेव्हा ते खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून, सुनेनं पुढे केलेला हात बाजूला सारून, उठून उभे राहिले. माझ्या बहिणीसमोर. ज्योतीवर हात धरून त्यांनी डोळ्यांना लावले आणि काहीतरी पुटपुटले. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मला त्याची गरजही नव्हती. ते उभे राहिले होते, तेवढं मला पुरेसं होतं. आजही पुरेसं आहे.

सगळे पांगल्यावर मी आत गेलो. मागच्या मोरीपाशी ती नव्या पैठणीचा पदर खोचून ताट घासत होती. मला बघून, कितीतरी वर्षांत पहिल्यांदा, तिनं आपणहून काहीतरी विचारलं. "कशी झाली हो? हात थरथरत होता का माझा?"

"नाही," मी म्हणालो. "अगदी स्थिर होता."

तिनं नळ बंद केला आणि उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली. दोन बोटांवर तूप सांडून लाल झालं होतं, एकाला फोड आला होता.

"निरांजन कलंडलं होतं," ती म्हणाली. "सगळे 'अगं अगं' म्हणाले. गिरणीवाल्या काकांनी ताटाला हात लावून सावरलं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात."